दिवाणखान्याचं दार

झाशीत मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. खंडेराव दरवाजाजवळच्या एका जुन्या मराठी घरात त्या सुट्टीत कूलरसमोर सतरंजी पसरलेली असे आणि तिच्यावर तीन भावंडं 'आर्कहॅम हॉरर' खेळत बसलेली. पत्ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून गड्ड्यांवर स्टीलच्या वाट्या पालथ्या घातलेल्या.

लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेला हा पत्त्यांचा खेळ २०१६ साली निघाला. यात खेळणारे एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे मिळून खेळाशीच झुंजतात. पाळीला प्रत्येकाला तीनच कामं करता येतात. दर फेरीला अरिष्ट एका पावलानं जवळ येतं. काही जोखमीचं करायचं तर पिशवीत हात घालून चकती काढायची. नेहमीच्या पातळीला सोळा चकत्या असतात, बहुतेक नुकसानीच्याच. त्यांतल्या एकीवर वळवळती सोंड असते. ती हाताला लागली की तुमची ताकद कितीही असो, डाव फसलाच. खोक्यात पिशवी नव्हती, म्हणून आजीचा कशिद्याचा बटवा कामी आला होता.

दादाकडे रोलंड बँक्स, बंदूकधारी तपास अधिकारी. ताईकडे ग्रंथपाल डेझी वॉकर. धाकटीकडे अनाथ वेंडी. पहिल्याच प्रसंगात घरात प्रेतं खाणारे शिरतात, पुरावे गोळा करत पुढं जावं तर मधल्या बोळात त्यांचा पुजारी उभा राहतो. तिथंच तिघं दरवेळी मरत. दादा पुजाऱ्यावर तुटून पडे, सोंड निघे, आणि मग भांडण.

"तू पुस्तकं चाळत बसलीस म्हणून मेलो," तो ताईला म्हणे.

"मदत मागितलीस का एकदा तरी?" ताई म्हणे.

एके दुपारी त्यानं सोंडेची चकती बटव्यातून काढून खिशातच टाकली. "हा खेळ माणसानं जिंकावा म्हणून केलेलाच नाही!" तरीही ते हरले. चकती नव्हती, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि अरिष्ट वेळेवर येऊन पोचलं. दादानं पत्ते भिरकावले.

आत्या पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसली होती. शाळेत तिनं वर्षानुवर्षं इतिहास शिकवला होता. हात न धुताच तिनं विचारलं, "त्या घराला बाहेर पडायला दार नाही का रे?"

धाकटीनं दिवाणखान्याचा पत्ता उचलून वाचला. पुजारी आला की दिवाणखाना उघडतो, आणि तिथून माघार घेता येते.

"पळून जायचं?" दादा उसळला. "झाशीत राहून?"

"झाशीचंच सांगते," आत्या म्हणाली. "वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत आले आणि इंग्रजांच्या वेढ्यात याच गावात अडकले. त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवलंय. तात्या टोपे मदतीला आले, पण १ एप्रिल १८५८ ला बेतवा नदीवर त्यांचा मोड झाला. ३ तारखेला इंग्रज शहरात घुसले. बाईसाहेब, म्हणजे राणी लक्ष्मीबाई, इतक्या खचल्या की दारूगोळा पेटवून महालातच जळून मरते म्हणाल्या. एका म्हाताऱ्या सरदारानं त्यांना समजावलं, रात्री वेढ्यातून बाहेर पडा म्हणून. त्या दत्तक मुलाला, दामोदररावांना, घेऊन काल्पीला निघाल्या."

"पण झाशी गेलीच ना?"

"गेली. त्याचं दुःख कुणी कमी करू शकलं नसेल. पण त्या रात्री महालात जळून गेल्या असत्या, तर १ जूनला ग्वाल्हेर कुणी घेतलं असतं? आणि बाहेर पडताना त्या एकट्या नव्हत्या. झलकारीबाईनं राणीचा वेष घेऊन इंग्रजांना गुंतवून ठेवलं, असं इकडे घरोघरी सांगतात. कुणीतरी मागं थांबतं, तेव्हाच कुणीतरी पुढं जातं."

दादा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं खिशातली चकती काढून बटव्यात टाकली.

या वेळी पुजारी उभा राहिल्यावर त्यानं पत्त्यावरचं बारीक अक्षर पहिल्यांदाच नीट वाचलं: लढाईत जो सगळ्यांत बळकट, त्याच्याच मागे पुजारी लागतो. "म्हणजे माझ्याच मागे येणार. तुम्ही दोघी दिवाणखान्यात शिरा."

धाकटी निघाली. ताई निघाली. दादा जखमी होत, पुजाऱ्याला अंगावर घेत दिवाणखान्यापर्यंत पोचला. एका चकतीवर सोंड निघाली. कुणी काही बोललं नाही. आणखी एक वार बसला असता तर रोलंड संपला असता, पण माघार घेणाऱ्यावर शत्रूला वार करता येत नाही, असा नियम आहे. तो शेवटचा बाहेर पडला.

ताईनं नोंदवहीत लिहिलं: घर उभं आहे, पुजारी जिवंत आहे. खेळानं त्यांना हरलात म्हणून परत पाठवलं नाही. अनुभवाचे गुण दिले आणि पुढच्या प्रसंगाचं पान उघडायला सांगितलं. मला हा खेळ आवडतो तो यासाठी. तो कठीण आहे, पण फसवा नाही. जे निसटलं ते वहीत राहतं, आणि जो वाचला तो पुढं खेळतो.

पुढच्या पानावर लिहिलं होतं की पुजारी जिवंत असेल तर त्याचा पत्ता संकटांच्या गड्ड्यात मिसळावा. दादानं तो स्वतः मिसळला. मिळालेल्या गुणांत नवे पत्ते घ्यायचे होते. त्यानं आपला गड्डा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या दोघींच्या पत्त्यांत काय कमी पडतंय?"