आवरलेला आघात

एखाद्या प्राण्याचे शरीरच प्रहारासाठी घडलेले असेल, तर त्याच्या प्रहाराला हिंसा म्हणावे की नाही, हा भारतीय धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. वाघ आणि हरीण, साप आणि बेडूक, ससाणा आणि कबूतर ही त्याची ठरलेली उदाहरणे होत. गेल्या दोन दशकांत प्राणिशास्त्राने समुद्रातील एका वीतभर जिवाविषयी जे उजेडात आणले आहे, त्यामुळे हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारता येतो. मँटिस श्रिंप हे त्या जिवाचे नाव. तो खरी कोळंबी नव्हे. खेकडे आणि कोळंबी यांच्या दूरच्या नात्यातील स्टोमॅटोपोडा नावाच्या गणात त्याच्या साडेचारशेच्या आसपास जाती मोडतात, आणि प्रार्थना कीटकासारखे छातीशी घडी घालून धरलेले पुढचे दोन अवयव ही त्या सर्वांची खूण आहे.

हे अवयव दोन प्रकारचे असतात. काही जातींत त्यांना भाल्यासारखे काटे असतात आणि त्यांनी मऊ अंगाचे मासे किंवा कोळंबी भोसकून धरली जाते. काहींत त्यांच्या टोकाशी गदेसारखी गाठ असते आणि तिने शिंपले, गोगलगाई व खेकडे यांची कवचे फोडली जातात. शीला पटेक, डब्ल्यू. एल. कॉर्फ आणि रॉय काल्डवेल यांनी 2004 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गदाधारी जातीच्या प्रहाराची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा हा वेग सेकंदाला 14 ते 23 मीटर भरला. पुढच्या वर्षीच्या मोजणीत या प्रहाराचे सर्वाधिक बल सुमारे 1500 न्यूटन, म्हणजे दीडशे किलो वजनाच्या दाबाइतके आढळले. गदा इतक्या वेगाने पाण्यातून जाते की तेथील दाब एकाएकी उतरतो, पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते मिटताना कवचावर दुसरा धक्का बसतो. म्हणजे एका फटक्यात भक्ष्याला दोन आघात सोसावे लागतात, आणि पहिला चुकला तरी दुसरा बसू शकतो.

धर्मचिंतनाच्या दृष्टीने मात्र वेगापेक्षा त्यामागची रचना अधिक बोलकी आहे. कोणताही स्नायू स्वतःच्या आकुंचनाने इतका वेग निर्माण करू शकत नाही. या प्राण्याचा जाडजूड स्नायू प्रहारापूर्वी सावकाश आकुंचन पावतो, त्या वेळी एक अडसर अवयवाला जागच्या जागी धरून ठेवतो, आणि खोगिराच्या आकाराच्या कठीण पट्टीत व तिच्या भोवतालच्या कवचात ती सगळी ऊर्जा ताणाच्या रूपाने साठत जाते. मग अडसर निघतो आणि दोन-तीन सहस्रांश सेकंदांत सारे संपते. धनुष्याची दोरी ओढून धरणारी बोटे आणि ती सोडणारी बोटे एकच असावीत, तसे हे आहे. आघाताचे सामर्थ्य येथे आवरून धरण्यातूनच येते. अडसर नसता तर हा प्राणी केवळ हातपाय हलवणारा एक सामान्य जीव ठरला असता.

सावदा हे रावेर तालुक्यातील केळीचे गाव समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या काळ्या जमिनीत वसलेले आहे; तेथून हा प्रश्न मांडण्याचे कारण समुद्रात नसून त्या पट्ट्याच्या धर्मपरंपरांत आहे. महानुभाव, वारकरी, स्वामिनारायण आणि जैन या अहिंसेला मानणाऱ्या चारही धारा तापीकाठच्या या थोड्याशा टापूत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. जवळच्या फैजपुरास डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि त्याला गांधीजी उपस्थित होते. त्याआधी चार वर्षे, 1932 मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बळ, हिंसा आणि स्वधर्म यांचा विचार खानदेशात असा तुरुंगाच्या भिंतींआडही झालेला आहे.

या विचाराची पहिली पायरी ‘स्वभाव’ ही आहे. स्वभावाने नेमून दिलेले कर्म करणाऱ्याला पाप लागत नाही, असा गीतेच्या अठराव्या अध्यायाचा अभिप्राय आहे, आणि एक जीव दुसऱ्या जिवाचे अन्न होतो हे भागवतानेही निखळपणे मान्य केले आहे. या न्यायाने मँटिस श्रिंप निर्दोष ठरतो, आणि तसे ठरवण्यात काही चूक नाही. गोगलगाईला वेदना होत असेल की नाही हे त्याच्या विचारात येण्याचा संभवच नाही; शिवाय गदा टाकून शेवाळावर जगण्याचा पर्याय त्याच्यापुढे कधी आलेला नाही. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. निसर्गच असा आहे, तेव्हा माणसानेही बळाने आपले साधावे, हे अनुमान ‘स्वभाव’ या कल्पनेचा सर्वांत घातक गैरवापर आहे, आणि तो बहुधा जे बळकट आहेत त्यांच्याच तोंडी आढळतो. विनोबांनी पहिल्याच प्रवचनात याच्या उलट बाजूचा गैरवापर दाखवून दिला आहे. अनेकांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि न्यायाधीश फाशीच्या शिक्षेविरुद्ध तत्त्वज्ञान बोलू लागतो. अर्जुनाची अहिंसा तशी आहे, हे त्यांचे निदान. म्हणजे हिंसेच्या बाजूने असो की अहिंसेच्या, माणूस जेव्हा ‘स्वभाव’ किंवा ‘तत्त्व’ पुढे करतो, तेव्हा त्यामागे त्याने केलेली निवड असते. प्राण्याच्या स्वभावामागे अशी निवड नसते.

हाच भेद महानुभाव पंथाच्या एका लीळेत, कोणतीही व्याख्या न करता, प्रत्यक्ष घडताना दिसतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात पारध्यांनी पाठलाग केलेला ससा पळत येऊन चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडतो, कुत्री थबकतात, पारधी येऊन आपला ससा मागतात, आणि स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत. या प्रसंगाकडे शरणागताच्या रक्षणाची कथा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु बोलणे कोणाशी झाले हेही पाहण्यासारखे आहे. दात कुत्र्यांचे होते, तरी उपदेश कुत्र्यांना नाही. संवाद होतो तो पारध्यांशी, कारण थांबणे शक्य असलेले तेथे तेवढेच होते.

तथापि, प्राण्यात थांबणे मुळीच नसते, असे समजणेही बरोबर नाही, आणि येथेच मँटिस श्रिंपचे उदाहरण वाघ-हरिणाच्या उदाहरणापुढे जाते. प्रवाळाच्या किंवा खडकाच्या बिळासाठी दोन गदाधारी समोरासमोर आले, तर एकमेकांचे कवच फोडण्याइतके बळ दोघांजवळही असते. तरीही ते बहुधा आधी गदा पसरून आतली रंगीत खूण दाखवतात, आणि झुंज जुंपलीच तर एक जण पाठीवर गुंडाळून आपली शेपटी ढालीसारखी पुढे करतो व दुसरा त्या ढालीवरच प्रहार करतो. मग पाळी बदलते. शेपटीच्या शेवटच्या या जाड पट्ट्याला टेल्सन म्हणतात. जेनिफर टेलर आणि पटेक यांनी 2010 मध्ये दाखवले की एका जातीत टेल्सन आघाताची सुमारे 69 टक्के ऊर्जा जिरवून टाकतो. पुष्कळदा दोघेही जिवंत परततात, एकाला बीळ मिळते आणि दुसरा दुसरीकडे जातो. प्राण घेणारे शस्त्र आणि प्राण राखणारी रीत ही दोन्ही एकाच शरीरात वाढलेली आहेत.

यावरून निसर्ग अहिंसेची शाळा आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि अलीकडच्या धार्मिक लेखनात तो वारंवार काढलाही जातो. तो टाळला पाहिजे. याच प्राण्यांत नुकतीच कात टाकलेला, अंग मऊ पडलेला आणि प्रहार करण्यास असमर्थ असलेला जीवही बीळ राखण्यासाठी गदा पसरून धमकी देतो, हे संशोधकांनी नोंदवले आहे. तेथे धमकी निव्वळ बतावणी असते. ढालीवरचा प्रहार काय किंवा ही बतावणी काय, दोन्ही जीव वाचवण्याचे मार्ग आहेत, करुणा नव्हे. पण त्यांतून एक गोष्ट निश्चित होते: बळ आवरणे हे निसर्गाच्या विरुद्ध नाही. संयम म्हणजे शरीरावर बाहेरून लादलेले काहीतरी कृत्रिम, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. माणसात जे नवीन येते ते समोरच्याच्या दुःखासाठी थांबणे होय, आणि मराठीत या थांबण्याचा सर्वांत सूक्ष्म विचार ज्ञानेश्वरीत आहे.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात मूळ गीतेने केवळ नाव घेतलेल्या अहिंसेवर ज्ञानेश्वर फार विस्ताराने बोलतात. आधी ते पावसासाठी पशुयाग सांगणाऱ्या मीमांसकांची आणि एका जिवाच्या औषधासाठी दुसरे जीव उपटणाऱ्या उपचारांची परखड चिकित्सा करतात. हिंसा करून अहिंसा साधण्याचे हे मार्ग त्यांना पटत नाहीत. मग ते अहिंसक माणसाचे चालणे, बोलणे, पाहणे यांचे वर्णन करतात आणि हातांपाशी येतात. त्यांच्या वर्णनातील हात बहुतेक स्थिर असतात. हलले तर नमस्कारासाठी जुळतात, भ्यालेल्याला अभय देण्यासाठी उचलले जातात, किंवा पीडिताच्या अंगावरून मृदुपणे फिरतात. पण हा हात दुबळा मानण्याचे कारण नाही. जो हात उगारता येतो तोच अभयासाठी उचलता येतो, आणि समोरच्याला अभय वाटते तेही त्या हातात बळ आहे म्हणूनच. मँटिस श्रिंपचा अडसर निघतो तेव्हा एकच गोष्ट घडते. हाताचा अडसर निघाल्यावर काय घडेल, ते आधी मनात ठरते. म्हणून अहिंसेचे मोजमाप आघाताच्या अभावाने करता येत नाही. ज्याला मारताच येत नाही त्याच्या न मारण्याला काही विशेष अर्थ नाही.

हे आवरणे एकदा साधले की कायमचे राहते, असेही नाही. वारकरी परंपरा सांगते की लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने त्यांना जे विनवले ते ताटीचे अभंग होत. योग्यालाही राग आवरावा लागतो, याची ती साक्ष आहे. परंपरेप्रमाणे त्याच मुक्ताबाई 1297 मध्ये सावद्यापासून फार दूर नसलेल्या तापीतीरी अंतर्धान पावल्या, आणि वाघावर बसून हाती सापाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवांच्या त्या गुरू झाल्या. अंगी बळ असणे निराळे आणि त्या बळाला विसावा मिळणे निराळे, हे तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाच्या गावाने शतकानुशतके ऐकलेले आहे.

संकल्प आणि आवर यांवर उभी असलेली ही मांडणी एका ठिकाणी मात्र अपुरी पडते, आणि ते ठिकाण पुन्हा समुद्रातच आहे. जैन विचाराने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, चरितार्थाच्या व्यवसायात होणारी ती उद्योगी, आणि स्वसंरक्षणातली ती विरोधी. केळीच्या बागेत सोंडकिडीवर औषध टाकणारा सावद्याचा शेतकरी या चौकटीत स्वतःची जागा शोधू शकतो, आणि श्रद्धाळू असेल तर ती शक्य तितकी लहान राखण्याचा प्रयत्नही करतो. कोकण किनाऱ्यावरील ट्रॉल जाळ्याची जागा अशी सहज सापडत नाही. हे पिशवीसारखे जाळे समुद्रतळालगत ओढले जाते आणि नको असलेल्या जिवांसह मँटिस श्रिंपच्या भालाधारी जातीही, विशेषतः ओरॅटोस्क्विला नेपा, मोठ्या प्रमाणात वर आणते. त्यांना बाजारात फारशी किंमत नसल्याने त्या पुष्कळदा फेकल्या जातात किंवा वाळवून खताकडे आणि पशुखाद्याकडे वळवल्या जातात. येथे कोणी त्यांना मारण्याचा संकल्प केलेला नसतो, कोणाला राग नसतो, त्यांच्यापासून कोणाला धोका नसतो, आणि ज्या माशांसाठी जाळे टाकले त्यांच्या विक्रीत त्यांचा काही वाटा नसतो.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात मर्यादित अहिंसेचे उदाहरण म्हणून एक मासेमार येतो. मी फक्त मासे मारीन, अन्य प्राण्यांना इजा करणार नाही, असे त्याचे व्रत आहे. भाष्यकार या व्रताला अपुरे मानतो, कारण महाव्रत जाती, देश, काळ यांनी बांधलेले नसावे. पण त्या मासेमाराला निदान ते अपुरे व्रत पाळता येत होते. त्याच्या हातातील साधन मासा आणि मासा नसलेला जीव यांत फरक करू देत होते. ट्रॉलवरच्या खलाशाला, त्याची कितीही इच्छा असली तरी, तेवढेही पाळता येत नाही. त्याच्या वतीने तो फरक आता जाळे विणणाऱ्याला करावा लागतो: ओढीच्या ताणाखाली शंकरपाळ्याच्या आकाराचे छिद्र मिटत जाते आणि चौकोनी छिद्र उघडे राहते, त्यातून लहान जीव निसटू शकतात. अहिंसेची चर्चा करणाऱ्यांनी जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची वीण कोणी आणि कशी ठरवावी, हा प्रश्न व्रताच्या विचारात घ्यायला हवा. मासेमारी खात्याच्या नियमपुस्तकावर तो सोपवून चालणार नाही.