नजरेपासून सुरू होणारा इस्राफ

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम



गेल्या रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत, तरावीहनंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. शहरात नोकरी करणारा, नमाजाचा पाबंद. "मौलाना, यंदा माझ्यावर जकात फर्ज आहे का?" त्याने विचारले. मी हिशेब मांडला. शिल्लक रक्कम निसाबपर्यंत पोहोचत नव्हती, त्याच्या मालकीचे सोने-चांदीही नव्हते. उत्तर सरळ होते. यंदा त्याच्यावर जकात नव्हती. ते ऐकून त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "गेली तीन वर्षे मी जकात देत होतो. पगार तर वाढलाच आहे. मग पैसा गेला कुठे?"

पैसा कुठे गेला, ते त्याच्या मोबाइलमध्येच नोंदलेले होते. वर्षभरातील खरेदीची यादी आम्ही दोघांनी पाहिली. चार जोड बूट, दोन घड्याळे, जुना चांगला चालत असताना हप्त्यावर घेतलेला नवा फोन. काही खोकी अजून उघडलेलीही नव्हती. एकेका वस्तूवर बोट ठेवून मी विचारत गेलो, "ही घ्यावी असे तुला केव्हा वाटले?" बहुतेक वेळा एकच उत्तर आले, "रीलमध्ये पाहिली तेव्हा."

त्याच्या जकातीतून गावातील एका विधवा भगिनीच्या मुलांची वह्या-पुस्तके येत असत. त्या रात्री ती गोष्ट त्याने काढली नाही, मीही काढली नाही. पण ती आम्हा दोघांच्याही मनात होती. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, हा प्रसंग आपल्यापुढे ठेवीत आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही.

इस्लामी परिभाषेत दोन शब्द आहेत, इस्राफ आणि तबजीर. वैध गोष्टीतही मर्यादा ओलांडणे म्हणजे इस्राफ, आणि जिथे खर्च करूच नये तिथे पैसा उधळणे म्हणजे तबजीर. सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा देतानाच इस्राफची मनाई केली आहे. सूरह बनी इस्राईलच्या २७ व्या आयतीत तर उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानांचे भाऊ म्हटले आहे. या आयती आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत. तरीही आपल्याला वाटते की हा इशारा श्रीमंतांसाठी आहे. लग्नात लाखो रुपये उडवणाऱ्यांसाठी आहे. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू मागवणारा स्वतःला कधी उधळ्या समजत नाही. परंतु थेंबे थेंबे तळे जसे साचते, तसेच ते थेंबे थेंबे आटतेही.

हा इस्राफ पाकिटातून सुरू होत नाही, तो डोळ्यांतून सुरू होतो. सूरह ताहाच्या १३१ व्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) संबोधून जो उपदेश केला, त्याचा आशय असा की, निरनिराळ्या लोकांना ऐहिक जीवनाची जी शोभा आम्ही परीक्षेसाठी दिली आहे, तिच्याकडे नजर लावून पाहू नका; तुमच्या पालनकर्त्याने दिलेली उपजीविकाच अधिक चांगली आणि टिकणारी आहे. येथे खरेदीचा उल्लेखही नाही. उल्लेख नजरेचा आहे. रोग जिथून शिरतो, तो दरवाजाच कुरआनने दाखवून दिला आहे.

पूर्वी आपल्या नजरेची धाव शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत होती. त्याच्या घरी नवी वस्तू आली तर मन थोडे हलत असे; पण त्याच्या घरची आजारपणे, त्याची उसनवारीही आपल्याला दिसत असे. आज तळहातावरच्या पडद्यावर शेकडो घरे उघडतात आणि प्रत्येक घराचा केवळ सजवलेला कोपरा दिसतो. आपण कोणत्या चित्रावर क्षणभर अधिक थांबलो, याची नोंद ते यंत्र ठेवते आणि पुढच्या वेळी तसेच चित्र समोर आणते. आपली तृष्णा कशाची, हे आपल्याला उमगण्याआधी त्याला उमगलेले असते. पाहणे आणि विकत घेणे यांत पूर्वी बाजारापर्यंतची वाट होती, घासाघीस होती, घरच्यांचा सल्ला होता. आता तेथे फक्त अंगठ्याचा एक स्पर्श उरला आहे.

बुखारी आणि मुस्लिममध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आली आहे की, ऐहिक बाबतीत आपल्यापेक्षा खाली असणाऱ्याकडे पाहावे, म्हणजे अल्लाहच्या देणगीला आपण तुच्छ लेखणार नाही. पडदा याच्या नेमके उलट शिकवतो. तो सतत वर पाहायला लावतो आणि कालपर्यंत पुरेसे वाटणारे आज अपुरे ठरवतो.

या बाजारात फसवणुकीचाही मोठा भाग आहे. स्वतःला वस्तू घ्यायची नसताना केवळ दुसऱ्याला भुलवण्यासाठी तिची बोली वाढवणे, याला नज्श म्हणतात. प्रेषितांनी (स.) ते निषिद्ध केले. पैसे घेऊन वस्तूची स्तुती करायची आणि पैसे घेतल्याचे लपवायचे, किंवा न वापरलेल्या वस्तूवर खोटे अभिप्राय लिहायचे, यात त्याच फसवणुकीचा अंश नाही काय? आपल्या देशाच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनी आपला आर्थिक संबंध स्पष्ट सांगावा, अशा सूचना ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतील १३ फसव्या पद्धतींवर मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'शेवटचे दोनच नग उरले' अशी खोटी घाई लावणे आणि ग्राहकाच्या नकळत त्याच्या खरेदीत आणखी वस्तू घालणे या पद्धती त्यांत आहेत. म्हणून आपल्या मुला-मुलींना सांगा की, पडद्यावरची 'ताई' किंवा 'भाई' ही आपली आप्त नव्हे. पुष्कळदा ती विक्रेत्याची प्रतिनिधी असते.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन जाताना त्यांना भेटले. हे काय, असे विचारता जाबिर (रजि.) म्हणाले की, मांस खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे घेतले. त्यावर हजरत उमर (रजि.) यांनी विचारले की, शेजाऱ्यासाठी, भावकीसाठी आपल्या पोटाला थोडे आवरावे असे तुम्हाला वाटत नाही काय? याच प्रसंगाच्या अन्य कथनांत आणखी एक प्रश्न आहे: जे जे मनात येईल ते ते विकत घेणार काय? विचार करा, मांस हलाल होते, पैसा हलाल होता, रक्कम एक दिरहम होती. तरीही त्यांना थांबवून विचारले गेले. आपल्याला मात्र कोणी विचारत नाही.

याचा अर्थ इस्लाम फाटक्या वस्त्रांचा धर्म आहे, असे नव्हे. आपले कपडे आणि पादत्राणे चांगली असावीत असे माणसाला वाटते, तो अहंकार आहे काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. ईदला मुलांना नवे कपडे घेणे, पत्नीसाठी प्रेमाने भेट आणणे यात आनंदही आहे आणि सवाबही. सूरह फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांची ओळखच ही सांगितली आहे की, ते उधळपट्टी करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत; त्यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये तोललेला असतो.

तोल जातो तो कर्जाच्या वळणावर. 'आता घ्या, नंतर पैसे द्या' हे वाक्य कानाला गोड लागते. पण हप्ता चुकला की त्यावर व्याज चढते, आणि व्याजाविषयी कुरआनची ताकीद किती कठोर आहे हे आपण जाणता. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. शहीदाचीही सारी पापे माफ होतात, कर्ज मात्र राहते, असे त्यांनी सांगितले. ऋण काढून सण करू नये, हे तर आपली मराठीही सांगते. मग जो सणही नाही, केवळ एका रीलची लहर आहे, तिच्यासाठी ऋण कशाला?

आता उपाय. मनात आले की लगेच घेऊ नका; तीन रात्री जाऊ द्या. तीन दिवसांनंतरही गरज वाटली तर घरच्यांशी मश्वरा करून घ्या. मोबाइलमध्ये साठवलेले कार्ड काढून टाका, म्हणजे नजर आणि खरेदी यांच्यामध्ये पुन्हा थोडी वाट तयार होईल. जी खाती पाहून मनात नाशुक्री उत्पन्न होते, त्यांकडे पाहणे सोडा. आणि पगार होताच सदक्याची रक्कम, लहान का असेना, आधी बाजूला काढा. उरलेल्यातून खर्च करा. खर्च करून उरलेल्यातून देऊ म्हणाल, तर काही उरणार नाही.

त्या तरुणाने न उघडलेली खोकी परत करण्याचा प्रयत्न केला. काही परत गेली, काहींची मुदत संपली होती. जे पैसे हाती आले, ते त्याने त्या भगिनीकडे पोहोचवले. ती जकात नव्हती. पण वह्या आल्या.

सूरह तकासुरचा आरंभ अधिकाधिक मिळवण्याच्या चढाओढीने होतो आणि ती चढाओढ कबरीपर्यंत पोहोचते. तिचा शेवट या इशाऱ्याने होतो की, त्या दिवशी देणग्यांविषयी तुम्हाला नक्की विचारले जाईल. तिर्मिजीतील हदीसनुसार संपत्तीविषयी दोन प्रश्न असतील: कोठून मिळवली आणि कशावर खर्च केली? पहिल्या प्रश्नाची तयारी आपल्यापैकी बहुतेक जण करतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण रोज अंगठ्याने लिहीत आहोत.

हे अल्लाह, आमच्या नजरांना कनाअत दे, आमच्या हातांना उधळण्यापासून आणि आवळण्यापासून वाचव, आमच्या कर्जदार बंधू-भगिनींचे ओझे हलके कर आणि आम्हाला घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांत ठेव. आमीन.