लांडग्यांनाही पुरणारा हंडा

लॉयोला हे नाव लावणाऱ्या अनेक जेसुइट शाळांच्या बोधचिन्हात साखळीने टांगलेला हंडा आणि दोन्ही बाजूंना लांडगे दिसतात. जेसुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक, स्पेनच्या बास्क प्रदेशातले संत इग्नेशियस यांच्या लॉयोला घराण्याचे हे चिन्ह. परंपरा सांगते, या घरी चाकर, सैनिक पोटभर जेवले तरी लांडग्यांपुरते अन्न उरायचेच. विद्येच्या घराची ओळख अन्नाच्या हंड्याने व्हावी, हे मला फार मोलाचे वाटते. इग्नेशियस यांनी १५५१ मध्ये रोमला शाळा काढली, तीही विनाशुल्क. पुढे १९७३ मध्ये जेसुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे माजी विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले. शिक्षणाने इतरांसाठी जगणारी माणसे घडवावीत, असे ते म्हणाले. आणि न्यायासाठी तुम्हाला घडवण्यात आम्ही कमी पडलो, हेही त्यांनी त्याच सभेत मोकळेपणाने मान्य केले.