नाव मनूने बांधली



महाभारताच्या वनपर्वात मनू आणि मत्स्य यांची कथा आहे. शरण आलेल्या लहानशा माशाचे मनूने रक्षण केले आणि तोच मासा मोठा झाल्यावर मनूला म्हणाला की, जलप्रलय जवळ आला आहे. ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या मत्स्यरूप ईश्वराने मनूला सूचना दिली, नाव दिली नाही. बळकट नाव बांध, तिला दोर लाव, सर्व बीजे जपून ठेव आणि सप्तर्षींसह तीत बैस, एवढेच त्याने सांगितले. नाव मनूनेच बांधली. ती बांधून झाली तेव्हाच तिचा दोर ओढावयास देव आला.

इच्छापोर आणि हजीरा रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस ही कथा परकी वाटू नये. आपली तापीमाई सूर्यकन्या. आषाढ शुद्ध सप्तमीस आपण तिची जयंती साजरी करतो. आपणांपैकी अनेकांची मूळ गावे खानदेशात आहेत आणि तापीही तिकडूनच येते. मुलताईला उगम पावून बुऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशे अशी वाट चालत ती सुरतेस पोहोचते. तिच्या खोऱ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. म्हणून सुरतेच्या आकाशात ऊन असतानाही माहेरच्या पावसाचे पाणी आपल्या दारी येऊ शकते. इकडे समुद्र जवळ. भरतीच्या वेळी नदीचे पाणी त्यात लवकर उतरत नाही.

१९६८ साली तापीला फार मोठा पूर आला होता. पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले आणि आता भय संपले असे पुष्कळांस वाटू लागले. ऑगस्ट २००६ मध्ये तो समज वाहून गेला. उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. होप पुलापाशी धोक्याची पातळी ९.५ मीटर असताना पाणी १२ मीटरच्या वर चढले आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. ते दिवस नारळी पौर्णिमेच्या आसपासचे, म्हणजे उधाणाचे होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या वेळी आपल्याच घराघरांत काय घडले, ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पाणी सोडल्याची वार्ता आम्हांपैकी कित्येकांच्या कानी आली होती. पण ते आपल्या गल्लीपर्यंत येणार नाही, असे मानून आम्ही स्वस्थ राहिलो. तळमजल्यावरील वृद्धांना कोणी वर न्यावयाचे, हे ठरलेले नव्हते. कागदपत्रे खालच्या कपाटातच भिजली. पुढे पाणी ओसरल्यावर आम्ही म्हणालो, "देवाची इच्छा!" पाऊस देवाच्या इच्छेने पडला, हे खरे. परंतु शेजारची वृद्धा रात्रभर मेजावर उभी राहिली, तर ती देवाची इच्छा नव्हे, आमचा आळस होय. आपल्या चुकीचे ओझे देवाच्या शिरावर ठेवणे ही भक्ती नव्हे.

मग आज आपली नाव कोणती? ज्येष्ठ सरण्यापूर्वी प्रत्येक गल्लीतील वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावासमोर त्याला वर नेणाऱ्या शेजाऱ्याचे नाव लिहावे; हेच आपले सप्तर्षी. कागदपत्रे व नित्याची औषधे मेणकापडात गुंडाळून एका पिशवीत ठेवावी. हीच आपली बीजे. वरच्या मजल्यावर तीन दिवसांचे पिण्याचे पाणी व कोरडा शिधा असावा. पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच विजेचे मुख्य बटण बंद करावे. निर्माल्य पिशवीसह खाडीत किंवा गटारात टाकू नये, कारण तुंबलेले गटार पहिल्या पावसातच आपल्यावर उलटते. पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्यावे आणि चिखलात अनवाणी फिरू नये. त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग होतो.

आणि दोर? दोर म्हणजे एकमेकांस बांधून घेणे. आपल्या परिसरात कारखान्यांत काम करणारे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे असंख्य परप्रांतीय बंधू आहेत. त्यांतील अनेकांना गुजराती सूचना वाचता येत नाहीत. उकाईतून किती पाणी सोडले, हे आज मोबाईलवर तत्काळ कळते. पण कळलेले शेजाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितले नाही, तर ते कळूनही व्यर्थच. आपणही एके काळी या नगरीत असेच परके म्हणून आलो होतो, याचा विसर पडू नये.

तेव्हा येत्या एकादशीच्या भजनानंतर अर्धा घटका थांबून प्रत्येक गल्लीची यादी पूर्ण करावी आणि मंदिराची वरची खोली आपत्काळी सर्वांस, जात-भाषा न विचारता, उघडी राहील असा ठराव करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ती अर्धा घटकाही भजनातच गणली जाईल, अशी आमची श्रद्धा आहे.

तापीमाई शांत राहो, ही प्रार्थना आपण करूच. पण ती कोपली, तर आपली नाव बांधलेली असो, एवढेच श्रीचरणी मागणे.