नळ थांबला, धर्मराज परत गेला



आजचं वाचन वनपर्वातलं. पांडव वनवासात आहेत. बृहदश्व ऋषी भेटायला येतात आणि युधिष्ठिर त्यांना विचारतो, माझ्याएवढा दुर्दैवी राजा पृथ्वीवर कुणी झाला असेल का? त्यावर ऋषी त्याला नळराजाची गोष्ट सांगतात. द्यूतात सगळं घालवून बसलेल्या माणसाला, द्यूतात सगळं घालवलेल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट. हा भाग मी याआधीही वाचला होता. पण गेल्या महिन्यात एक फोन आला आणि तेव्हापासून तो वेगळाच दिसायला लागलाय.

फोन रात्री दीड वाजता आला. आपल्या शनिवारच्या सत्संगाला येणारा एक मुलगा. वय २६, पुण्यात चांगली नोकरी. (त्याला विचारून, ओळख लपवून लिहितोय.) एका ग्रुपवर त्याला लिंक मिळाली होती. स्क्रीनवर विमान वर चढतं, आकडा वाढत जातो, ते उडून जायच्या आत आपले पैसे काढून घ्यायचे. नाही काढले तर गेले. पहिल्या आठवड्यात त्याने ६,००० कमावले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत एक लाख अठरा हजार गेले. त्यात त्याची ७०,०००ची बचत होती, क्रेडिट कार्डावरचे ३०,००० होते, आणि रूममेट्सनी भाड्यासाठी त्याच्याकडे दिलेले १८,०००.

आणि खात्यात अजून ६०,००० होते. बाबांनी धाकट्या बहिणीच्या फीसाठी पाठवलेले.

"दादा, मला जिंकायचं नाहीये," तो म्हणाला. "फक्त माझे गेलेले परत हवेत. ते आले की ॲप डिलीट. देवाशप्पथ. स्वतःच्या मेहनतीचे पैसे परत मिळवण्यात पाप काय आहे?"

प्रश्न साधा वाटतो, पण आजचं सगळं चिंतन या एकाच प्रश्नावर आहे. कारण लोभापायी खेळणाऱ्याला आपण लोभी आहोत हे कुठेतरी माहीत असतं. जो "फक्त गेलेलं" परत आणायला निघतो, त्याला वाटतं आपण न्यायाच्या बाजूने आहोत. आणि म्हणूनच तो थांबत नाही.

आधी धर्मराजाकडे बघू.

सभापर्वातला पहिला डाव सगळ्यांना माहीत आहे. संपत्ती, राज्य, भाऊ, स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. पण त्यानंतर काय झालं, हे आपण घाईत वाचून पुढे जातो. धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले. एका वराने तिने युधिष्ठिराला सोडवलं, दुसऱ्याने बाकीच्या चौघांना. तिसरा मागायला तिने नकार दिला. मग धृतराष्ट्राने गेलेलं सगळं राज्य आणि धनही परत केलं. म्हणजे बघा, त्या मुलाला जे हवं होतं ते युधिष्ठिराला अक्षरशः मिळालं. पै न् पै परत. रथ इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले.

आणि वाटेतच निरोप आला, अजून एक डाव.

धर्मराज मागे फिरला. यात सर्वनाश आहे हे कळत असताना फिरला. एकच डाव झाला आणि बारा वर्षांचा वनवास, एक वर्ष अज्ञातवास पदरात पडला.

तेव्हा "गेलेले परत आले की थांबेन" या वाक्याची परीक्षा महाभारतात होऊन गेलेली आहे. गेलेलं परत आलं, तरी धर्माचा पुतळा असलेला माणूस थांबला नाही. परत आलेले पैसे आपल्याला सोडवत नाहीत. उलट पुन्हा खेळायला भांडवल मिळतं.

का थांबला नाही? याचं उत्तर पुढे वनात तो स्वतःच भीमाला देतो. तो कबूल करतो की फासे शकुनीच्या मर्जीप्रमाणे पडताहेत हे मला दिसत होतं, तेव्हाच मन आवरता आलं असतं, पण राग माणसाचं धैर्य मारून टाकतो. हे वाचून मी दचकलो होतो. तो लोभाचं नाव घेत नाही, रागाचं घेतो. हरल्याचा राग, फसवलं गेल्याचा राग, "मी असा कसा हरलो" हा स्वतःवरचा राग. रात्री दीड वाजता "अजून एकदाच" म्हणणाऱ्याच्या आत हाच राग असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी विषयाच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतच्या ज्या पायऱ्या सांगितल्यात, त्यात मधोमध क्रोध आहे. तिथून पुढे मोह, मग आठवण जाते, मग बुद्धी. या मुलाच्या बाबतीत "आठवण जाते" म्हणजे नेमकं काय? ६०,००० कुणाचे आहेत, ही आठवण.

आता नळ.

नळ आणि त्याचा भाऊ पुष्कर यांचा डाव एका दिवसाचा नव्हता, तो महिनोन्‌महिने चालला. प्रजा, मंत्री दाराशी आले. दमयंतीने रडून विनवलं. नळाने ऐकलं नाही. राज्य गेलं, सगळं गेलं. मग पुष्कर हसून म्हणाला, आता दमयंती तेवढी राहिली आहे, हवं तर तिला पणाला लाव.

नळाचं काळीज फाटलं. तो काही बोलला नाही. अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडला.

इथे तो थांबला. त्याचं काहीच परत आलेलं नव्हतं, खिसा रिकामा होता, मनात रागही होता. तरी थांबला, कारण जे माझं नाही ते मी लावणार नाही, एवढी एक रेघ त्याच्याकडे शिल्लक होती. थांबण्यासाठी नशीब फिरावं लागत नाही. तोटा भरून निघावा लागत नाही. तोटा तोटाच राहू देऊन उठता येतं. किंबहुना फक्त तसंच उठता येतं.

यावर कुणी विचारेल, "पण नळाने शेवटी पुन्हा डाव मांडून राज्य परत जिंकलंच की!" बरोबर. पण त्याआधी ऋतुपर्ण राजाकडून तो अक्षहृदय शिकला होता, म्हणजे फाशांचं रहस्य. आपल्या फोनमधल्या खेळात ते रहस्य कुणाकडे असतं? खेळ चालवणाऱ्याकडे. उघडपणे खेळल्या जाणाऱ्या खेळाचंच उदाहरण घ्या. युरोपियन रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात. एका आकड्यावर पैसे लावून जिंकलात तर तुमचे धरून ३६ पट मिळतात, ३७ पट नाही. तो एक भाग चालवणाऱ्याचा. म्हणजे १०० रुपये लावले की सरासरी ९७ रुपये ३० पैसे परत. फार वाटत नाही ना? पण जे उरेल ते पुन्हा लावायचं, असं १०० वेळा केलं, तर सरासरीने त्या १०० रुपयांचे साधारण साडेसहा रुपये उरतात. यात कुणी चीटिंग केलेलं नाही. आणि कुठल्या तरी लिंकवरून आलेल्या ॲपमध्ये तर चाक खरं आहे का, हेही तपासता येत नाही.

"इतक्यांदा हरलोय, आता तरी येणारच" हाही भ्रमच. १९१३ साली मोंटे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला. आता लाल येणारच म्हणून लोक लाल रंगावर पैसे ओतत राहिले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नाही. तुमचं त्याच्याकडे काही देणं राहिलेलं नसतं.

म्हणून "माझे गेलेले पैसे" या शब्दांतच गडबड आहे. ते आता माझे नाहीत. ज्या क्षणी लावले त्या क्षणी गेले. आता जे लावणार आहे ते वेगळे पैसे आहेत, आणि त्यांचा निर्णय वेगळा आहे. गेलेलं गेलं म्हणणं म्हणजे हार मानणं नव्हे, ते खरं बोलणं आहे. सत्संगात आपण वैराग्यावर तासभर बोलतो. एक लाख अठरा हजारांवर पाणी सोडून उठणं, हे त्या वैराग्याचं प्रॅक्टिकल आहे.

अजून एक गोष्ट, खास आपल्या मंडळींसाठी. त्या मुलाने मला सांगितलं की प्रत्येक डावाआधी तो नामजप करायचा. "देवा, एकदा जिंकव, मग कधीच नाही." आपल्यातल्या किती जणांनी परीक्षेत, मॅचमध्ये, कशात ना कशात असं मागितलंय! पण वनपर्वात भगवान श्रीकृष्ण पांडवांना भेटायला येतात तेव्हा काय म्हणतात ते बघा. ते शाल्वाशी लढण्यात गुंतले होते. ते सांगतात, मी जवळ असतो तर बोलावणं नसतानाही त्या सभेत आलो असतो आणि द्यूताचे दोष दाखवून खेळ थांबवला असता. युधिष्ठिराचा फासा नीट पाडला असता, असं ते म्हणत नाहीत. भगवंत डाव जिंकून द्यायला येत नाही, डाव मोडायला येतो. रात्री दीड वाजता कुणालातरी फोन करावासा वाटला, ही त्याचीच कृपा समजा.

त्या रात्री मी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "ते साठ हजार कोणाचे?"

बराच वेळ शांतता. मग, "ताईडीचे."

"मग फोन चालू ठेव आणि आत्ता बाबांना परत पाठव."

हे मला दमयंतीने शिकवलं होतं. नळ ऐकत नाही म्हटल्यावर ती नुसती रडत बसली नाही. वार्ष्णेय सारथ्याला बोलावून दोन्ही मुलांना रथात बसवलं आणि विदर्भात, कुंडिनपुराला, माहेरी पाठवून दिलं. (अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर ते हेच मानतात.) माणूस शुद्धीवर यायची वाट न बघता जे वाचवता येईल ते आधी डावापासून लांब नेलं.

तुमच्या बाबतीत हे झालं असेल, तर आजच करायच्या गोष्टी लिहून देतो.

नक्की किती गेले ते कागदावर लिहा. खाली रेघ ओढा.

घरचे पैसे, फी, भाडं, दुसऱ्याची ठेव, सगळं तुमच्या हातून काढून विश्वासाच्या माणसाकडे द्या. यूपीआयची मर्यादा कमी करा. तोटा भरायला लोन ॲपचं कर्ज घेऊ नका.

ॲप, लिंक, ग्रुप, सगळं काढा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तो ठरवतो की आता जायचं नाही, आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. तीन हजार वर्षांपूर्वीचं नोटिफिकेशनच म्हणा! आवाज ऐकून मन आवरण्यापेक्षा आवाजच बंद करणं सोपं.

एका माणसाला खरा आकडा सांगा, अर्धा नाही. लपवणं, पैजेची रक्कम वाढत जाणं, हरलेलं परत आणायला खेळणं, खेळता आलं नाही की चिडचिड होणं, ही लक्षणं दिसत असतील तर हा फक्त वाईट सवयीचा प्रश्न राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना याला आजार मानते, आणि आजारावर उपचार असतात. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात आला तर एक मिनिटही थांबू नका, फोन करा किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा. पैशांपेक्षा तुम्ही मोठे आहात.

फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केलाय. त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळून बुडालेल्यासाठी नाही, तेव्हा घाबरून गप्प बसू नका. मात्र "थोडी फी द्या, बुडालेले पैसे काढून देतो" म्हणणारा कुणी भेटला, तर तो वाटेत निरोप घेऊन आलेला दुसऱ्या डावाचा दूत समजा.

त्या मुलाने सकाळी बाबांना सगळं सांगितलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. रूममेट्सचं भाडं त्याने पगारातून दिलं, कार्डाचे हप्ते चालू आहेत. एक लाख अठरा हजारांतला एक रुपयाही परत आलेला नाही. मॅच असली की अजून हात फोनकडे जातो, असं तो सांगतो. तेव्हा तो उठून चालायला जातो, नाहीतर मला फोन करतो. बहिणीची फी वेळेवर भरली गेली.

आजचा संकल्प: माझं जे गेलंय ते मी आज भगवंताच्या चरणी "गेलं" म्हणून ठेवतो. जे राहिलंय ते पणाला लावणार नाही.

उद्या नलोपाख्यानाचा पुढचा भाग वाचू, अरण्यातल्या दमयंतीचा.

रामकृष्ण हरी 🙏