आत्या गायली नव्हती

गेल्या ३१ डिसेंबरला रात्री साडेअकरा वाजता मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून फोनवर यादी करत होतो. आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासना असते. पाळकसाहेब सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायला सांगत होते आणि मी मान खाली घालून टाइप करत होतो. शेजारच्या आजींना वाटलं असेल, पोरगा बायबलच्या अॅपमध्ये वचन शोधतोय.

यादी अशी होती : वर्षभरात तीन कथा छापून आणायच्या. रोज ५०० शब्द लिहायचे. दिवाळी अंकांना वेळेत, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आत कथा पाठवायच्या. कादंबरीचा पहिला खर्डा ऑक्टोबरपर्यंत संपवायचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दर तिमाहीला उद्दिष्टं लिहायची आणि दर तिमाहीला त्यांच्यापुढे टक्के भरायचे, याची इतकी सवय झालीय की कथा लिहिण्यालाही मी तेच कोष्टक लावलं. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही. उलट, लेखनाबद्दल आपण आता गंभीर झालो, असंच वाटलं.

नोव्हेंबरपर्यंत दोन कथा छापून झाल्या होत्या. तिसरी माझ्या आत्यावरून सुचलेली होती. आत्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. तिचा मुलगा एकविसाव्या वर्षी अपघातात गेला. त्यानंतर तिने चर्च सोडलं नाही, एक रविवार चुकवला नाही. पण ती गायची थांबली. गीत सुरू झालं की उभी राहायची, 'उपासना संगीत' उघडायची, बरोबर पान काढायची आणि पुस्तक शेजारणीला दिसेल असं धरून गप्प उभी राहायची. माझी कथा तिथेच संपत होती. सगळे गातायत, ही गात नाहीये, पण पुस्तक दुसऱ्यासाठी धरून उभी आहे.

एका ख्रिस्ती मासिकाच्या संपादकांचा फोन आला. भला माणूस. कथा आवडली म्हणाले, नाताळ अंकात घेतो म्हणाले. "फक्त शेवटी तिला गाऊ द्या. एक कडवं तरी. आमचं मासिक लोक हॉस्पिटलात वाचतात, एकटी माणसं वाचतात. त्यांना काहीतरी आशा देऊन पाठवायला हवं ना?"

मी चाळीस मिनिटांत शेवट बदलला. आत्या गायली. कथा छापून आली. यादीतल्या पहिल्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली.

नाताळात नगरला गेलो तेव्हा अंक आत्याच्या टेबलावर होता. ती म्हणाली, "छान लिहिलंयस रे." मग चहा गाळता गाळता म्हणाली, "पण मी गायले कधी?"

मी म्हणालो, "अगं आत्या, ती गोष्ट आहे. ती तू नाहीस."

"हो, ते खरंच," ती म्हणाली आणि विषय बदलला.

*

माझं उत्तर तर्काला धरून होतं. कथा म्हणजे साक्ष नव्हे. मुलगा अपघाताऐवजी तापाने गेला असं लिहिलं असतं, नर्सऐवजी शिक्षिका केली असती, तर मला काहीच टोचलं नसतं. मग हेच का टोचलं? हा प्रश्न मी वर्षअखेर डोक्यात घेऊन फिरतोय.

पहिलं उत्तर माझ्या धंद्यातून मिळालं. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं. आज ते ज्या अर्थाने सांगितलं जातं तो असा : एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही. कारण माणसं मग काम सुधारण्याऐवजी माप सुधारतात. प्रोग्रामर लोकांत याचा एक आवडता किस्सा आहे. १९८२मध्ये अॅपलमध्ये 'लिसा' कॉम्प्युटरचं काम चालू असताना व्यवस्थापकांनी इंजिनिअरांना दर आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायला लावलं. बिल अॅटकिन्सनने त्या आठवड्यात जुना कोड नव्याने लिहून तो जास्त वेगवान आणि बराच लहान केला होता. त्याने फॉर्मवर आकडा भरला : उणे २०००. काही आठवड्यांनी त्याला फॉर्म भरायला सांगणं बंद झालं.

हा किस्सा आम्ही हसत सांगतो. पण माझ्या यादीत 'तीन कथा छापून आणणे' असं होतं, 'तीन कथा नीट लिहिणे' असं नव्हतं. छापून येणं हे कथा बरी असल्याचं एक अंधुक माप होतं. मी मापाचंच ध्येय केलं, आणि नोव्हेंबरात माप आणि कथा यांच्यातलं एक निवडायची वेळ आली तेव्हा माप निवडलं.

पण एवढ्यावर थांबलं तर सगळा दोष यादीवर जातो, आणि ते फार सोयीचं आहे.

*

संपादकांचं म्हणणं मला अजूनही सहज खोडता येत नाही. आशा मागणं हा काही गुन्हा नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव आपण घेतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ची. पदमनजी स्वतः १८५४मध्ये ख्रिस्ती झालेले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांची दुःखं बघते. पुढे नवरा जातो, ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. शेवट कुठे जाणार, हे लेखकाने आधीच ठरवलंय असं वाचताना जाणवतं. कादंबरीचं बळ त्या शेवटात नाही, वाटेत भेटणाऱ्या बायकांत आहे. म्हणजे आमच्या लेखनाची सुरुवातच अशा शेवटाने झाली, जो कथेपेक्षा श्रद्धेने लिहिला.

आणि तरी, पदमनजींनी केलं ते आणि मी केलं ते एक नाही. पदमनजींना तो शेवट खरा वाटत होता. विधवेला सुटका आहे आणि ती इथे आहे, असं ते मनापासून मानत होते. त्यासाठी त्यांनी आपलं घर आणि समाज पणाला लावला होता. त्यांचा शेवट कलेच्या दृष्टीने कच्चा म्हणा, पण तो प्रामाणिक आहे. माझा शेवट कदाचित जास्त सफाईदार होता. कडवं छान निवडलं होतं, तिचा आवाज पहिल्या ओळीला फुटतो वगैरे. पण आत्या गाईल असं मला वाटत नव्हतं. मला फक्त कथा छापून यायला हवी होती.

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आहे, कारण तिथे 'ख्रिश्चन फिक्शन' हा पुस्तकांच्या दुकानातला वेगळा कप्पा आहे. त्याचे स्वतंत्र प्रकाशक आहेत, संमेलनं आहेत, क्रिस्टी नावाचा पुरस्कार आहे. १९९५मध्ये सुरू झालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' या मालिकेच्या कोट्यवधी प्रती खपल्या. अनेक प्रकाशकांच्या लेखी-अलेखी अटी असतात : शिव्या नकोत, शय्यागृहाचं दार बंद ठेवा, शेवटी आशा हवी. आपल्याकडे एवढा बाजार नाही. १८४२पासूनचा 'ज्ञानोदय', १९०३पासूनचा 'निरोप्या', अशी काही नियतकालिकं, मग सगळ्यांसाठी खुले असलेले दिवाळी अंक, आणि आता प्रतिलिपी किंवा किंडलवर स्वतःच टाकायची सोय. दारं कमी, म्हणून प्रत्येक दाराची भीती जास्त. एका संपादकाला नाही म्हणालो तर पुढचं दार कुठलं, हा हिशेब डोक्यात चालूच असतो.

*

या हिशेबाबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन लेखिकेने. ती कॅथलिक होती, जॉर्जिया राज्यातली. वीस-बावीस वर्षांची असताना, आयोवात लेखन शिकताना, १९४६-४७मध्ये तिने एका वहीत देवाला उद्देशून नोंदी लिहिल्या. ती वही २०१३मध्ये 'अ प्रेअर जर्नल' म्हणून प्रकाशित झाली. ती वाचताना मला माझी ३१ डिसेंबरची यादी आठवून लाज वाटली, आणि थोडा धीरही आला. कारण ती संतासारखी लिहीत नाही. चांगली लेखिका व्हायला मदत कर असं ती देवाकडे सरळ मागते. मग आपल्याला यशच हवंय की काय, अशी शंका घेते. आपण सुमार निघू याची तिला धास्ती आहे. शेवटच्या नोंदीत तर आज आपण बिस्किटांवर ताव मारला, अशी कबुली आहे. म्हणजे महत्त्वाकांक्षा आणि प्रार्थना एकाच वहीत असू शकतात. महत्त्वाकांक्षा लपवून ठेवली, तिचं नाव घेतलं नाही, की ती जास्त त्रास देते.

पुढे काय झालं ते माझ्या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. तिच्या 'वाइज ब्लड' या पहिल्या कादंबरीत ज्या प्रकाशकाला रस होता, त्याच्या संपादकाला ती जरा वळणावर आणायची होती, नेहमीच्या कादंबरीसारखी करायची होती. नाव नसलेली, पैसे नसलेली ही मुलगी नाही म्हणाली. तो व्यवहार मोडला. कादंबरी १९५२मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढली. पण त्याच कादंबरीचा खर्डा कॅरोलाइन गॉर्डन या ज्येष्ठ लेखिकेने वाचला, बारकाईने सूचना केल्या, तेव्हा ओकॉनर पुन्हा बसली आणि तिने दुरुस्त्या केल्या.

एकाला नकार, दुसरीला होकार. फरक काय? मला वाटतं, गॉर्डनच्या सूचना कादंबरीला अधिक तिच्यासारखी करत होत्या. संपादकाच्या सूचना तिला इतर कादंबऱ्यांसारखी करत होत्या. म्हणून 'माझा एक शब्दही बदलायचा नाही' ही निष्ठा नाही, तो हट्ट आहे. निष्ठा कथेशी असते, आपल्या खर्ड्याशी नाही.

यातून मी स्वतःसाठी एक कसोटी काढली. बदल सुचवला की विचारायचं : ही कथा कुठेच छापून येणार नसती तर मी हा बदल केला असता का? आत्याच्या कथेला ही कसोटी लावली की उत्तर एका सेकंदात येतं.

मग हॉस्पिटलातल्या वाचकाला आशा द्यायची नाही का? द्यायची. पण जिचं मूल गेलंय अशी एखादी बाई तो अंक वाचत असेल, तर शेवटी गाणारी आत्या तिला काय सांगते? की तूही आत्तापर्यंत गायला हवं होतंस. पुस्तक धरून उभी असलेली आत्या सांगते, गाता येत नसलं तरी तुला इथे जागा आहे. संपादकांना हवी होती ती आशा आधीच्या शेवटात होती. मला ती त्यांना फोनवर सांगता आली असती. मी प्रयत्नही केला नाही. हे त्यांचं नाही, माझं चुकलं.

*

आता उलट बाजू. ही कसोटी हातात आली की एक नवाच मोह होतो : कुठे पाठवायलाच नको. आपलं शुद्ध लेखन आपल्या लॅपटॉपमध्ये. मला असे दोन-तीन लोक माहीत आहेत, आणि वर्षातले काही महिने मीही त्यांच्यातलाच असतो. बाजार भ्रष्ट आहे म्हणायचं, आणि नकाराची भीती झाकून ठेवायची.

इथे मला मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातला दृष्टांत आठवतो. परदेशी जाणारा मालक तीन चाकरांकडे पैसे सोपवतो : एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. तालांत ही लहान रक्कम नव्हे, मजुराची साधारण वीस वर्षांची कमाई. इंग्रजीतला 'टॅलन्ट' हा शब्द याच गोष्टीमुळे बुद्धी-कौशल्यासाठी वापरात आला. पहिले दोघं व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा घाबरून जमिनीत पुरतो आणि शेवटी ओरडा खातो. लहानपणी रविवारच्या शाळेत याचा अर्थ 'मेहनत करा, वाढवा' असा शिकलो होतो. म्हणजे जवळपास तिमाही उद्दिष्टंच.

यंदा पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. पाच मिळवणाऱ्याला आणि दोन मिळवणाऱ्याला मालक तीच शाबासकी देतो, अगदी त्याच शब्दांत. आकडे वेगळे, शाबासकी एकच. आणि तिसऱ्यावर तो रागावतो ते कमी कमावलं म्हणून नाही. त्याने भीतीपोटी काहीच केलं नाही म्हणून.

म्हणजे पाठवणं हे माझं काम आहे, छापून येणं हे नाही. नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि १९१९मध्ये ते गेले, तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. कोष्टकात भरलं असतं तर 'अपूर्ण', लाल रंगात. पुढचं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं, ज्यांना धड शाळा मिळाली नव्हती. आपल्या वाट्याला आलेला तुकडा किती मोठा आहे, हे ३१ डिसेंबरला कळत नाही. टिळकांनाही कळलं नसणार.

*

या वेळची यादी मी उपासनेत करणार नाही, आधीच केलीय. आठवड्यातल्या चार सकाळी ऑफिसच्या आधी एक तास लिहायला बसायचं. शब्द मोजायचे नाहीत. पूर्ण झालेली प्रत्येक कथा कुठेतरी पाठवायची, नकार आला तर आठवड्याच्या आत दुसरीकडे. संपादक काही म्हणाले तर एक रात्र थांबून मग उत्तर द्यायचं. यातलं काहीही फार थोर नाही, आणि यातल्या मापांनाही मी कधीतरी फसवीन, हे मला माहीत आहे.

नंतर नगरलाच आत्याला जुना शेवट फोनवरून वाचून दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते पुस्तक फार जड आहे रे," ती म्हणाली. "तिसऱ्या कडव्यापर्यंत हात भरून येतो. तेवढं लिही."

तेवढं लिहिलंय. कथा आता पुन्हा कुणाकडे पाठवता येणार नाही, एकदा छापून झालीय. तरी लिहिलंय.