धर्म आणि राष्ट्रांचे भांडण

राजकारणात धर्माचे काय काम, असे पुष्कळजण विचारतात. वाचकहो, दक्षिण अमेरिकेतील एक हकीकत ऐका. अर्जेंटिना आणि चिली, दोन्ही देश बहुतांशी कॅथलिक. तरी बीगल सामुद्रधुनीच्या मुखाजवळील तीन बेटांपायी डिसेंबर १९७८ मध्ये त्यांच्या फौजा लढाईच्या तोंडाशी आल्या. प्रार्थना एकाच देवाची, अन् बंदुका समोरासमोर! आपल्याकडे तरी निराळे काय? दोघा भावांच्या गळ्यात माळ असते, आणि बांधाचा दावा कोर्टात चालूच असतो.

लवादाचा १९७७ चा निवाडा अर्जेंटिनाने झुगारला होता. मग पोप दुसरे जॉन पॉल यांनी वृद्ध कार्डिनल सामोरे यांना धाडले, आणि ८ जानेवारी १९७९ रोजी दोघांनी बळाचा वापर न करण्याचे कबूल केले. पंचाचे ऐकले नाही, ते या म्हाताऱ्याचे का ऐकले? मला वाटते, धर्म एक होता म्हणून नव्हे. तो तर आधीही एकच होता. सामोऱ्यांना त्या बेटांतले काही नको होते, म्हणून.

अर्थात सगळे श्रेय धर्माला देणे खोटे होईल. तह झाला १९८४ मध्ये, अर्जेंटिनातली लष्करशाही गेल्यावर. तो पाहायला सामोरे नव्हते. १९८३ मध्येच ते वारले. बेटे चिलीकडेच राहिली, आणि अर्जेंटिनाच्या लोकांनी मतदान करून ते मान्य केले.